बूट काढून पाहिलेलं विमान

खंडेनवमीला वाळूजच्या आमच्या वर्कशॉपमध्ये यंत्रं पुसली, की ऑइलच्या नि झेंडूच्या वासानं मला परदेशातलं ते संग्रहालय आठवतं. आवाजापेक्षा वेगानं उडणारं चाचणीचं विमान तिथं जपून ठेवलं होतं. आत प्रवाशांच्या खुर्च्या नव्हत्या, नुसती मोजमापाच्या यंत्रांची कपाटं होती.

लेथवर जन्म घालवलेल्या माझ्या वडिलांनी, अप्पांनी, विमानाच्या दारातच बूट काढले. लोक बघत होते. मला लाज वाटली.

"ह्यात प्रवासी कधी बसलेच नाय?"

"नाही अप्पा. हे किती तापतं, किती हादरतं ते बघितलं, मग प्रवाशांची विमानं बनवली."

"म्हंजी आधी जीव ह्यानं धोक्यात घातला. भंगारात नाय घातलं, लई बरं केलं."

अप्पा आता नाहीत. आज सकाळी त्यांच्या बंद पडलेल्या लेथसाठी भंगारवाला आला होता. त्याला परत पाठवलं आणि लेथपुढं मी बूट काढले.