आंबिया बहाराचा डाव

इतकी वर्षं झाली, तरी डोळे मिटले की आधी तो वास येतो. माघातल्या दुपारी संत्र्याची फुलं उमलली की आमच्या बागेतली हवाच जड व्हायची, बसल्या जागी पेंग यायची. इंग्रजांचा अंमल होता. धरमपेठेच्या पलीकडे तेव्हा बागाच बागा होत्या. त्यांतली एक माझ्या सासऱ्यांनी स्वतः विहीर खणून उभी केलेली. ते गेले आणि बाग आमच्या यांच्या हाती आली.

यांना पत्त्यांचा नाद. शहरात पोलीस धरत, म्हणून बैठक आमच्या बागेतल्या खोपीत भरायची. कुणी पाहिलंच तर वाटावं, संत्र्यांच्या सौद्याला माणसं आली आहेत.

त्या दुपारी मी जेवण घेऊन गेले, तर यांच्यासमोर एक कापसाचा दलाल बसलेला. बाकीच्यांनी पानं टाकून दिली होती. तीन पत्तीचा डाव, आणि यांनी फुलावरचा अख्खा आंबिया बहार लावला होता, म्हणजे येत्या हंगामाची सगळी संत्री. दलालानं त्यावर चढवलं होतं. आता डावात राहायचं तर बागच लावायची. आणि आमच्या शहाण्यांनी आपली पानं अजून उघडूनसुद्धा पाहिली नव्हती!

मला पाहून यांचा चेहरा खुलला. "घरची लक्ष्मी आली. तूच पाह्य वं पानं. ठेवू का टाकू?"

मी पदराआड पानं उघडली. तीन एक्के.

माहेरी दिवाळीत भावांबरोबर खेळून मला एवढं कळत होतं की याच्या वरचढ काही नसतं. नुसतं हो म्हणायचं होतं. बाहेर फुलांवर मधमाश्या गुणगुणत होत्या, खोपीत उन्हाचे कवडसे हलत होते, आणि सगळं कसं झोपेत घडल्यासारखं वाटत होतं. मी यांच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे असे चमकत होते की मला भीतीच वाटली. हा माणूस आज जिंकला तर उद्या पुन्हा बसेल, परवा बसेल, आणि एक दिवस एक्के येणार नाहीत.

"टाका जी," मी म्हणाले.

"काहून?"

"काहीच नाही त्यात."

कुणी हात घालायच्या आत मीच ती पानं गड्डीत मिसळून टाकली.

बहार गेला, बाग राहिली. कार्तिकात दलालाची माणसं शिड्या लावून आमच्याच झाडांची संत्री तोडू लागली. मला तेव्हा दिवस गेले होते, आणि डोहाळे लागावेत तर नेमके संत्र्याचे! देवालाही थट्टा सुचते. मी तोंडातून शब्द काढला नाही, पण यांनी ओळखलं.

एका सकाळी हे धोतराच्या सोग्यात काहीतरी लपवून आले. एकच संत्रं, आपल्याच बागेतून चोरलेलं. माझ्यासमोर बसून त्यांनी ते सोललं. डोळे भरून आले होते.

"माहं नशीबच फुटकं. त्या दिवशी एक तरी एक्का आला असता वं! आता पत्त्याले हात लावीन तर तुही शप्पथ."

सगळं सांगून टाकावं, असं अगदी ओठावर आलं. मी एक फोड तोंडात टाकली आणि म्हटलं, "गोड आहे जी."

आंबट ढाण होती. शपथ त्यांनी मरेपर्यंत पाळली. आपलं नशीब फुटकं होतं असं समजूनच ते गेले, आणि त्याचं मला अजून रडू येतं.