लाल आकडे आणि पपईचा पाला

लॅबमधले रक्ताचे नमुने चार दिवसांनी टाकून देता येतात, किस्से टाकता येत नाहीत! पाटोद्यातल्या आमच्या लहानशा लॅबमध्ये मी अकरा वर्षं लोकांना सुया टोचतेय. सर्दी-खोकल्याची साथ आली की किस्स्यांचीही साथ येते. त्यात गरोदर बाई कधी एकटी येत नाही. जीपभर माणसं येतात आणि रिपोर्ट सगळ्यांनाच बघायचा असतो.

*

आमच्या रिपोर्टमध्ये मापाबाहेरचा आकडा लाल छापून येतो. इंग्रजी न येणाऱ्यालाही लाल मोजता येतं! एक आजी सुनेचा रिपोर्ट घेऊन तणतणत आल्या.

"मोठीला दिवस होते तवा एकच लाल आलतं. हिला तीन कावून?"

मी म्हटलं, "आजी, पोटुशी बाईच्या पांढऱ्या पेशी तशाही वाढतात. त्यात हिला व्हायरल झालंय. सर्दी उतरली की परत तपासू."

आजींनी कागद माझ्यापुढे सरकवला. "मंग तवर काळ्या शाईत काढून द्या. पावण्यांला दाखवायचाय!"

*

एक बाई शुगरच्या तपासणीला नाक पुसत आली. आधीच आजारपणात शुगर वर जाते, म्हणून मी नीट विचारलं, "उपाशीपोटी आलात ना?"

"व्हय की! पाण्याचा थेंब न्हाई घेतला. निस्ता काढा पिले."

"काढ्यात काय होतं?"

"आलं, तुळस, मिरी... आन गूळ."

"गूळ किती?"

"गोड लागंस्तवर!"

*

एका सुनेबरोबर तिचे सासरे आले होते. फेटा, मिशा, आवाज खणखणीत. मी तिच्या दंडाला पट्टा बांधला तसे ते उठलेच.

"ओ बाई, सर्दी नाकाला झालीय, सुई हाताला कावून?"

"बाबा, रक्तात सगळ्या अंगाची बातमी येते."

ते खाली बसले. मग म्हणाले, "आमच्या सरपंचाचं घ्या बरं एकदा. गावाची काय बातमी हाय, कळू द्या!"

*

आता माझा स्वतःचा किस्सा. लोकांना "घाबरू नका" सांगणं मला तोंडपाठ. गेल्या हिवाळ्यात मला सहावा महिना होता आणि व्हायरलनं गाठलं. पहिल्या खेपेला माझं तिसऱ्या महिन्यातच गेलं होतं. तेव्हापासून सासूबाई माझ्या शिंकेलाही दचकायच्या. खरं सांगू? मीही दचकायचे.

माझ्या नावानं तपासणी केली असती तर अख्ख्या लॅबला कळलं असतं आणि संध्याकाळपर्यंत सासूबाईंना. म्हणून मी माझंच रक्त काढलं आणि मशीनमध्ये नाव घातलं नवऱ्याचं. पुरुष, वय छत्तीस!

प्लेटलेट खाली, पांढऱ्या पेशी वर. पुरुषाच्या मापानं माझं हिमोग्लोबिनसुद्धा लाल. तशीच डॉक्टर मॅडमकडे पळाले. त्यांनी बाळाचे ठोके ऐकवले आणि म्हणाल्या, "व्हायरलमध्ये प्लेटलेट जरा उतरतात. आठ दिवसांनी परत बघू. तूच लोकांना सांगतेस ना हे?" मी तिथेच रडले.

डोळे पुसून घरी आले, तर नवरा दोन गोधड्यांखाली! ज्याच्या नावाचा रिपोर्ट, त्याच्या मोबाईलवर तो आपोआप जातो हे मी विसरलेच होते. हे शाळेत शिकवून आलेले, मोबाईल सासूबाईंच्या हातात, आणि त्यात तीन लाल.

"धडधाकट दिसतंय, पर आतून पार पोखरलंय लेकरू!" सासूबाई पपईचा पाला वाटत होत्या. "प्लेटलेटला ह्याच्यासारखं औषिद न्हाई. तू लांब बस गं, पोटुशीनं पपईला हात लावू न्हाई."

मी खोकत खोकत यांच्या कानात खरं सांगितलं. यांनी हळूच विचारलं, "बाळ?"

"बरंय. ठोके ऐकले मी."

यांनी आईच्या हातून पेला घेतला. कडूजहर हिरवा रस डोळे मिटून एका दमात प्यायले. सकाळ-संध्याकाळ, आठ दिवस!

आठव्या दिवशी माझा खोकला गेला होता. सासूबाईंचा हुकूम झाला, "ह्याचं रगत परत तपास." मी तपासलं. ह्याचं म्हणजे माझंच!

सासूबाईंनी मोबाईल डोळ्यांजवळ धरला आणि बोटानं लाल मोजलं.

"बघ! पाल्यानं गुण दिला का न्हाई? तिनातलं दोन लाल गेलं." मग बोट थांबलं. "पर हे हिमोग्लोबिनचं एक राहिलं की रे... आजून आठ दिस पी!"