जळगावच्या नळ्या, धुळ्याचे कण

जळगाव-धुळ्याला मी हौसेने गेलो नव्हतो, मला पाठवलं होतं. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं आणि मी मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत नोकरीला होतो. युरोपातल्या एका प्रयोगात कणांचे दोन झोत एकमेकांवर आदळायचे आणि त्यातून काय उडतं ते डिटेक्टरने टिपायचं, असं काम होतं. त्या डिटेक्टरचा एक लहानसा भाग आमच्या वाट्याला आला होता: प्लॅस्टिकच्या लांब, चौकोनी नळ्या. आत वायू भरायचा, मधोमध केसाएवढी तार ताणायची आणि तारेला भरपूर विजेचा दाब द्यायचा. कण आरपार गेला की तारेत एक ठोका उठतो.

नळ्या परदेशातून आणायला परकीय चलन मिळेना. मग आमच्या समितीला अनेक बैठकांनंतर आठवलं, की प्लॅस्टिकचे पाइप जळगावात होतात. तिथवर जाणारा माणूस धुळ्याच्या एका कॉलेजात दोन दिवसांची कार्यशाळाही घेईल, म्हणजे अहवालातला ‘संशोधक घडवणे’ हा रकाना भरेल, असंही ठरलं. समितीत सर्वांत कनिष्ठ मी होतो.

जायचं तर थंडीतच जा. रात्रीच्या गाडीने मुंबई सोडली की सकाळी जळगाव. स्टेशनाबाहेर रिक्षा मिळतात आणि भाडं बसण्याआधी ठरवलेलं बरं. मी ज्या कारखान्यात गेलो तिथे केळीच्या बागांसाठी पाइप बनत. मालक पारोळ्याकडचे, सगळे त्यांना आबा म्हणत. मी आमचं रेखाचित्र पसरलं. त्यांनी ते बराच वेळ पाहिलं आणि कुठल्या पिकाला लागतं म्हणून विचारलं. मी टकरी, कण, युरोप असं सगळं सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर जराही अविश्वास उमटला नाही, याचं मला नवल वाटलं. अहिराणीत एवढंच म्हणाले, “नळी सरळ निघी. पन चांगली शे का नई, ते आठे कोन सांगी?”

इथे नाही, तपासणी मुंबईत होईल, असं मी म्हणालो. म्हणजे खराब माल आधी मुंबईला जाणार आणि मग तक्रार घेऊन परत येणार, असा त्यांनी हिशेब मांडला. मी फाइल बंद केली. दुपारी त्यांनीच भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी खाऊ घातली. तसं भरीत मुंबईत मिळत नाही, हॉटेलवाले काहीही म्हणोत. संध्याकाळी मेहरूणच्या तलावावर पिशवीभर बोरं खात बसलो. नमुन्याच्या दोन नळ्या दुसऱ्या दिवशी हातात आल्या.

जळगाव-धुळे एसटी एरंडोल, पारोळा करत जाते. तेव्हाचा रस्ता अरुंद होता, उसाच्या आणि कापसाच्या गाड्यांमागे बस रांगायची. माझ्या नळ्या सीटांमधल्या वाटेत आडव्या होत्या आणि चढणारा प्रत्येक जण त्या ओलांडताना माझ्याकडे बघत होता. कंडक्टरने त्यांची ‘शेतीचं सामान’ अशी नोंद केली. युरोपच्या प्रयोगाला महाराष्ट्रात मिळालेली ती पहिली सरकारी मान्यता.

धुळ्यात कॉलेजच्या आवारात मांडव होता. फलकावर ‘भव्य उद्घाटन सोहळा’ मोठ्या अक्षरात आणि खाली जागा उरली तिथे ‘कणभौतिकी’. विभागप्रमुख प्राध्यापक देवरे यांनी माझं स्वागत केलं आणि लगेच विचारलं, की प्रमाणपत्रं छापून आणलीत ना. आलेल्या प्राध्यापकांना ड्युटी लीव्ह मिळणार होती, त्यामुळे उपस्थिती उत्तम होती. भाषणं जेवणापर्यंत चालली.

त्या वेळात प्रयोगशाळेत माझ्याबरोबर एकटी मीना भंगाळे होती. ती यावलकडच्या केळी पिकवणाऱ्या घरातली. कॉलेजात तासांवर शिकवायची, म्हणजे नोकरी होतीही आणि नव्हतीही. नळीत तार ताणताना माझ्याकडून दोनदा तुटली, तिने तिसऱ्यांदा एका दमात ओवली. मग वायू किती वेळ सोडायचा, दाब कमी ठेवला तर काय होईल, खरा ठोका आणि खोटा ठोका ओळखायचा कसा, असे प्रश्न विचारत राहिली. शेवटच्या प्रश्नाला मी ‘अनुभवाने’ असं उत्तर दिलं. विद्वान माणसाला काही येत नसलं की तो असंच उत्तर देतो.

दुपारी प्रमुख पाहुणे, एक माजी आमदार, फोटोग्राफरसह आले. मांडवात आणलेल्या नळीची तार एका स्पीकरला जोडली होती, म्हणजे प्रत्येक ठोका ऐकू येईल. नानांनी, म्हणजे पाहुण्यांनी, आधी कामाचं विचारून घेतलं: “मना वावरमा पानी कोठे शे, ते हाई सांगी का?” शेतातलं पाणी ही नळी सांगणार नाही, असं मी म्हणालो. देवरे सरांनी घाईघाईने ‘अजून तरी नाही’ अशी दुरुस्ती केली.

मग नाना नळीजवळ गेले आणि स्पीकर टक् टक् वाजू लागला. मागे सरले, थांबला. पुन्हा जवळ गेले, पुन्हा टक् टक्. टाळ्या पडल्या. विश्वातले कणसुद्धा नानांकडे ओढ घेतात, असं देवरे सरांनी माइकवरून जाहीर केलं. मला काहीतरी चुकतंय हे कळत होतं, पण टाळ्या माझ्या यंत्रालाही होत्या.

मीना माझ्या कानाशी म्हणाली, की हे कण नाहीत. मी म्हणालो, “राहू द्या, नंतर बघू.” तिने पुढे होऊन विजेच्या दाबाचं बटण शून्यावर आणलं. तारेत दाब नसेल तर कण येवो न येवो, ठोका उठूच शकत नाही. नाना जवळ गेले, फोटोग्राफरचा फ्लॅश उडाला आणि स्पीकर वाजला.

“सर, हा फ्लॅशच्या विजेचा आवाज आहे,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “नाना जिथे जातात, तिथे फोटो निघतो.”

नाना हसले, हा त्यांचा मोठेपणा म्हणायला हवा. देवरे सर हसले नाहीत. चहा आल्याची घोषणा झाली आणि मांडव रिकामा झाला. मीनाने दाब पुन्हा चढवला. आम्ही दोघं उभे राहिलो. बऱ्याच वेळाने एक ठोका आला. मग थांबून दुसरा, लगेच तिसरा, कुठलाही ठेका नसलेले. सतत आकाशातून पडणारे खरे कण ते, मांडवाच्या कापडातून आणि आमच्यातूनही जात होते. तिने वही काढून वेळा लिहायला सुरुवात केली. मी चष्मा पुसला.

दुसऱ्या दिवशी कार्यशाळेऐवजी ‘क्षेत्रभेट’ म्हणून मला जीपने सोनगीरला नेलं. किल्ला चढायला सोपा आहे, वरून आग्रा रोड लांबवर दिसतो. खाली बाजारात तांब्या-पितळेची भांडी मिळतात आणि महामार्गावरच्या ढाब्यावर शेवभाजी, तीही झणझणीत. जीपमध्ये मीनाला जागा नव्हती. किल्ल्यावर देवरे सरांनी खिशातून अर्ज काढला. मुंबईत आमच्या संस्थेत तीन महिन्यांचं प्रशिक्षण, कॉलेजला जागा एक, नाव त्यांचं स्वतःचं, शिफारस माझी. अट होती कायम नोकरीची. मी बुरुजावर कागद टेकवून सही केली. वारा होता, तेवढंच निमित्त सांगता येईल.

मुंबईला परतल्यावर मी मीनासाठी समितीला पत्र लिहिलं, ते नियमावर बोट ठेवून परत आलं. कॉलेजने पुढच्या सत्रात तिला तास दिले नाहीत. तेव्हा मला लाज वाटून, नळ्यांची ऑर्डर मिळालेल्या आबांना मी तिचं नाव कळवलं. त्यांनी तिला कारखान्यात एक खोली, एक टेबल दिलं. ती जळगावातच प्रत्येक नळी तपासू लागली, कारखान्यातल्या बायकांना तार ओवायला शिकवू लागली. आमच्याकडे आलेल्या नळ्यांत खराब जवळजवळ सापडेनाशा झाल्या. मग समितीने ठराव केला, की प्रशिक्षण द्यायला ‘पुरवठादाराचा तांत्रिक प्रतिनिधी’ बोलवावा. प्रतिनिधीला कायम नोकरीची अट नव्हती. मीना मुंबईला आली आणि फळ्यासमोर उभी राहिली. पहिल्या बाकावर देवरे सर होते. ते तिला मॅडम म्हणत होते आणि सगळं उतरून घेत होते.

नळ्या युरोपला गेल्या. काही वर्षांनी प्रयोगाचा शोधनिबंध छापून आला, तो अजून माझ्या कपाटात आहे. लेखकांची नावंच कित्येक पानं आहेत. त्यात माझं आहे, देवरे सरांचंही आहे. पुरवठादारांची नावं छापत नाहीत. त्या सफरीतून माझ्याजवळ काय उरलं, असं कोणी विचारलं तर भरिताची चव सांगतो, कारण बुरुजावरची सही सांगायला अवघड जाते.

निबंध आला त्या दिवशी मी कारखान्यात फोन केला. मीनाने विचारलं, काय सापडलं? मी सांगितलं, की शोधत होतो तो कण सापडला नाही, तसंच छापलंय.

“मांडवात ‘नाही’ मी एकटीने म्हटलं होतं. इथे एवढ्या मोठमोठ्या लोकांनी मिळून ‘नाही’ असं लिहिलं आणि खाली सह्या केल्या,” ती म्हणाली. “सर, ती यादी मला पाठवा. मला एकदा वाचायची आहे.”