खरात बाई आणि माझा गोल ओटा

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जालन्याच्या महाविद्यालयात खरात बाईंच्या तासाला पहिल्यांदा बसलो, तेव्हा मी पिंपळगाव रेणुकाईच्या शेतकरी घरातला, स्वतःला फार समंजस समजणारा विद्यार्थी होतो. वर्गात मराठा, बौद्ध, मुसलमान, लमाण अशी सगळी मुलं. विषय नवा होता: पाणवठा, बसथांबा असं सगळ्यांच्या वापराचं काही आखायचं आणि त्याआधी ती माणसं समजून घ्यायची. "कागद नंतर. आधी जाऊन बसा," असं बाई म्हणत.

मी बसलोही. अंबडजवळच्या एका गावात नळाचा ओटा आखायचा होता. चार दिवस देवळासमोरच्या पारावर बसून गोल ओटा काढला. चहूबाजूंनी तोट्या, कुणी पुढं नाही, कुणी मागं नाही. बाईंनी विचारलं, "सगळ्या गावाला विचारलं ना?" मी म्हणालो, "हो, बिलकुल." ग्रामपंचायतीनं तो बांधला आणि मी महिनाभर हवेत होतो.

मग बाईंनी वर्गाला तिथं नेलं. सकाळी तासभरच पाणी यायचं. बौद्ध वस्तीतल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन लांब उभ्या होत्या. गावच्या बायांचं भरून होईपर्यंत त्या पुढं येत नसत, आणि तोवर पाणी जाई. त्यांच्यातल्या एक आजी मला म्हणाल्या, "तोट्या समद्यांच्याच हायेत लेकरा. पन आदी घागर कोनी लावायची, ते तुझ्या कागदावर कुठंय?" त्या पारावर कधी येत नव्हत्या, आणि वस्तीत मी गेलोच नव्हतो.

परतताना एसटीत मी बाईंवरच चिडलो. "वस्तीत जा, असं सरळ सांगितलं का न्हाई तुम्ही?" बाई स्वतः तशाच वस्तीत वाढलेल्या. म्हणाल्या, "लहानपणापासून हेच सांगून राह्यले रे मी. थकले. एखाद्या वेळी तुम्ही पन बघा की." मला विषयच सोडावासा वाटत होता. बाईंनी डबा उघडून पुढं केला. "खाऊन घे आधी. रविवारी जल्दी ये."

पुढचे आठ महिने दर रविवारी त्यांनी दोन्हीकडच्या बायांना एकत्र बसवलं आणि दोन्हीकडून बोलणी खाल्ली. शेवटी ठरलं, एका दिवशी वस्तीनं आधी भरायचं, दुसऱ्या दिवशी गावानं. ओट्याची एक वीटही हलवावी लागली नाही.

आता तो विषय मी शिकवतो. दरवर्षी कुणीतरी पारावरूनच परत येतं आणि सगळ्या गावाला विचारलं म्हणून सांगतं. दहा-बारा वर्षांतच मी कंटाळून गेलो. मला निदान घरी गेल्यावर ते विसरता येतं. बाईंना ती सोय कधीच नव्हती, हे माझ्या ध्यानात यायला फार उशीर झाला, आणि त्याची मला लाज वाटते.

बाईंनी यंदा साठी गाठली. परवा भेटल्या तर विचारत होत्या, यंदा मुलांना कुठं नेतोस, मीही येते. बाई, केदारखेड्याला नेतोय. तुम्ही येऊ नका. तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि त्यातला एकही दिवस आम्हाला समजावण्यात जाऊ नये.