सहिष्णुतेची तालीम

नाटकातले संवाद विसरायला होतात, पण तालमीतले किस्से जुन्या साड्यांसारखे साठतच जातात, टाकवत नाहीत. आमच्या इंदूरच्या हौशी ग्रुपने युरोपच्या प्रबोधनकाळातलं एक नाटक मराठीत बसवायला घेतलं होतं. विषय धार्मिक सहिष्णुता. दिग्दर्शक गोखले सर, पक्के नास्तिक. मी प्रॉम्प्टर. काय दिवस होते ते!

*

नाना बँकेतून रिटायर्ड, लोण्यासारखे मऊ. त्यांना सरांनी धर्मांध पाद्र्याचा रोल दिला. "जाळून टाका या नास्तिकाला," एवढंच गरजायचं होतं, पण नाना तिथेच अडायचे. एकदा हळूच म्हणाले, "सर, जाळायचं कशाला? आधी एकदा समजावून पाहू ना." सरांनी कपाळावर हात मारला.

आणि रोज संध्याकाळी नाना तालीम अर्धवट टाकून घरी पळायचे. देवापुढे दिवा अन् आरती कधी चुकू देणार नाही, असा शब्द त्यांनी वहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, तिच्या शेवटच्या आजारात दिला होता. सर भयंकर चिडायचे. नानांचा देव आमचं नाटक पाडणार, असं सगळ्यांना सांगत सुटायचे.

*

पुण्याहून बदलून आलेला एक इंजिनीअर आमच्यात होता. सरांनी एकदा विचारस्वातंत्र्यावर लंबंचौडं लेक्चर दिलं. मग वर शेव घातलेले आमचे इंदुरी पोहे आले. पोह्यांवर शेव घालणं म्हणजे पोह्यांचा अपमान, असं तो बोलून गेला. सरांनी शांतपणे त्याच्या हातातली प्लेट काढून घेतली.

"भिया, विचारस्वातंत्र्यालाही लिमिट असते."

*

रमजान लागला. नाटकातले आमचे राजेसाहेब, म्हणजे युसूफभाई, रोजे ठेवायचे. त्यांच्यासमोर चहा कसा प्यायचा, म्हणून एकेक जण विंगेत सटकला. युसूफभाई स्टेजवर एकटेच न्यायनिवाडा करून राहिले होते. मग विंगेत डोकावले.

"अरे भिया, रोजा मेरा है, आणि लपून तुम्ही बसलात?"

*

प्रयोग तोंडावर आला आणि नाना हॉस्पिटलात. ऑपरेशनची त्यांना फिकीर नव्हती, रोलचीही नव्हती. घराला कुलूप, मुलगा परदेशात. आज दिवा कोण लावणार, म्हणून डोळ्यांतून पाणी. मला तर बघवेना. सरांनी त्यांच्या उशाखालची किल्ली उचलली.

मी सोबत गेले. सरांनी चपला बाहेर काढल्या, हात धुतले, दिवा लावला. मग नानांना फोन लावून स्पीकरवर टाकला आणि देवापुढे ठेवला.

पलीकडून नानांनी भीत भीत विचारलं, "सर, आरती येते ना तुम्हाला?"

"मी म्हणणार नाही," सर म्हणाले. "तुम्ही म्हणा. घंटा मी वाजवतो."