सासूबाईंचं मत

ही गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. ह्यांनाही नाही. आज तुम्हाला सांगते आहे — तरी जीभ अडखळतेच.

मी सौंसरची, लग्न होऊन पांढुर्ण्यात आले. ऐंशी सालानंतरची गोष्ट. सासूबाईंची नजर पार गेली होती, पण घर त्या चाचपून चालवायच्या. माझ्या भाजीतल्या मिठाला मात्र रोज नाव ठेवायच्या. त्याचा राग होता का माझ्या मनात? असेल.

नगरपालिकेची निवडणूक लागली. आमच्या वॉर्डात दोघं उभे होते — छत्री निशाणीवर कापसाच्या जिनिंगचे शेठ, ह्यांचे मालक. आणि तराजूवर विमलताई, मोहल्ल्याला नळ मिळावा म्हणून रिकामी घागर घेऊन नगरपालिकेत जाऊन बसलेली बाई. नळाला पाणी आलं, पण मोहल्ल्यातल्या चुली शेठच्या जिनिंगवर पेटायच्या. सासूबाई तेवढ्या विमलताईंच्या. मतदानाच्या सकाळी त्यांनी ठेवणीतलं लुगडं नेसलं. मत टाकल्याशिवाय चहासुद्धा नको म्हणाल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवून शाळेपर्यंत चालल्या, आणि वाटेत एकच —

“तराजूवरच मारजो व. मले दिसत नाही, म्हणून सांगून राहिली.”

डोळे नसलेल्या माणसाचा शिक्का सोबतच्याला मारता यायचा. तिथल्या साहेबांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं — त्या सांगतील तिथंच मारीन, आणि कोणाला सांगणार नाही.

माझं मत मी आधीच छत्रीला टाकलं होतं. ते माझं होतं. पण हे? आडोशामागे आम्ही दोघीच. त्यांनी माझं मनगट धरलेलं — रोखायला नव्हे, नुसतं आधाराला. शेठ आले तर ह्यांची नोकरी पक्की, एवढंच डोक्यात. ह्यांनी सांगितलं होतं का? नाही — ह्यांच्यावर ढकलत नाही. आंधळ्या बाईला काय कळणार, असं वाटलं मला. आणि मी छत्रीवर शिक्का मारला.

बरोबर लागला ना, त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. शाई पुसू नये म्हणून घरापर्यंत त्या बोट वर धरून चालत होत्या.

शेठ निवडून आले. आठवड्याभरानं विमलताई घरी आल्या. त्यांचं स्वतःचं मत दुसऱ्या बूथवर होतं. सासूबाई हसून म्हणाल्या, आमच्या घरचं एक तर पडलं तुला. विमलताई म्हणाल्या,

“माय, मोजणीत तुमच्या बूथवर मले एकही मत नाही पडलं.”

मी चुलीपाशी होते. सासूबाईंनी मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाल्या,

“मंग मीच निशाण चुकीचं सांगतलं असन. म्हातारीचं डोस्कं.”

त्यांनी माझं पाप झाकलं. मी तशीच बसून राहिले, भाकरी करपली.

त्यानंतर माझ्या मिठाला त्यांनी कधी नाव ठेवलं नाही. पुढच्या निवडणुकीला मी चला म्हटलं, तर म्हणाल्या, तूच जाऊन ये. त्याच्या पुढच्या वेळीही तेच. मरेपर्यंत त्यांच्या बोटाला पुन्हा शाई लागली नाही.

त्या दिवशी मी दोन गोष्टी कबूल केल्या होत्या. कोणाला सांगणार नाही, ही तेवढी आजपर्यंत पाळली.