पुढचं व्हर्जन येतंय म्हणे!

वाशीच्या आमच्या जुन्या ऑफिसातली माणसं एकत्र आली की, मग ते कुणाच्या मुलीचं लग्न असो की कुणाची साठी, पाच मिनिटांत विषय त्या सॉफ्टवेअरवर येतोच. एक जण सुरू करतो, दुसरा म्हणतो, "थांब, आधी शेणॉयचं सांग!" आणि घरची मंडळी कंटाळून आइस्क्रीमच्या काउंटरकडे निघून जातात. दर वेळी एखादा नवीन किस्सा निघतो, जो इतकी वर्षं कुणीतरी पोटात ठेवलेला असतो. कारण आज हसतो, पण तेव्हा हसू येत नव्हतं. तेव्हा लाज वाटायची!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही केमिकल कारखान्यांच्या पाइपलाइनची ड्रॉइंग्ज काढायचो. ड्रॉइंग बोर्ड जाऊन कॉम्प्युटर आले, तेव्हा आमच्या करंदीकर साहेबांनी हौसेनं एक परदेशी डिझाइन सॉफ्टवेअर निवडलं. चांगलं होतं हो! पण मग सगळं जग विंडोजवर गेलं आणि आमचं तसंच काळ्या स्क्रीनवर बसून राहिलं. ते बनवणारी कंपनी विकली म्हणे. नाही विकली म्हणे. पुढचं व्हर्जन येतंय म्हणे. हेच शेवटचं म्हणे!

नाव सांगत नाही. आम्ही त्याला नुसतं 'आपलं' म्हणायचो.

"हे आपल्यात होतं का?"

"नाही हो, आपल्यात तसं करत नाहीत. त्यांच्यात चालतं."

बाहेरून आलेल्या माणसाला वाटायचं, इथे सोयरिकीची बोलणी चाललीत!

*

डीलरचा माणूस शेणॉय. अधूनमधून यायचा, चहा प्यायचा आणि पुढच्या व्हर्जनचं विचारलं की म्हणायचा, "एनी डे! फक्त अनाउन्समेंट बाकी आहे." दिवाळीत येणार होतं ते गुढीपाडव्यावर गेलं, पाडव्यावरून गणपतीवर.

मुकादम मॅडम आमच्या सगळ्यात सीनियर. माहेर म्हसळ्याचं. बोलायच्या कमी, पण बोलल्या की समोरच्याला पाणी मागावं लागायचं. एकदा शेणॉय त्यांना समजावत होता, "मॅडम, हे सगळं वरून ठरतं. आपल्या हातात काय आहे?"

मॅडमनी माउस बाजूला ठेवला. "शेणॉय, आमची ईदपण वरूनच ठरते. पण चंद्र शेवटी दिसतो हो!"

शेणॉय अर्धा चहा टाकून उठला. पुढे बरेच दिवस तो फक्त फोन करायचा.

*

महाप्याच्या एका कारखान्यात मी आणि साहेब ड्रॉइंग दाखवायला गेलो. त्यांच्याकडे दुसरं सॉफ्टवेअर, ते जगभर चालायचं ते. आमची फाइल त्यात उघडेल अशी करून फ्लॉपीवर नेली होती. कॉन्फरन्स रूममध्ये मोठी मंडळी जमली. फ्लॉपी घातली. मशीन बराच वेळ कुरकुरलं. मी घाम पुसतोय.

फाइल उघडली! पण भाषांतरात काय गडबड झाली देव जाणे, पाइप सगळे मुंगीएवढे झाले आणि अक्षरं राक्षसाएवढी. त्यातही नेमका एकच शब्द स्क्रीनभर पसरला होता. 'ड्रेन'!

त्यांचा चीफ इंजिनीअर चष्मा वर करून बघत राहिला. मग अगदी सहानुभूतीनं म्हणाला, "करंदीकर, तुमचं सगळंच गटारात गेलेलं दिसतंय!"

परतीच्या रिक्षात साहेब एकच वाक्य बोलले. "सावंत, हे मुकादमबाईंना सांगू नका."

*

आमच्यातला म्हात्रे घणसोली गावचा. मुलगी बघायला उरणकडे गेला. पोरीचा भाऊ न्हावा शेव्याला कस्टम एजंटकडे कामाला, कॉम्प्युटरची मासिकं वाचणारा. त्यानं विचारलं, "कंच्या सॉफ्टवेअरवर काम करता?"

म्हात्रेनं छाती काढून नाव सांगितलं.

"ते तं बंद होनार हाय ना?"

पोरीच्या बापाचा पोह्यांचा घास हातातच राहिला. "बंद? कंपनी बंद?"

"कंपनी नाय बाबा, सॉफ्टवेअर."

"एकच झालं नं!"

म्हात्रेचे कान लाल. तेवढ्यात त्याची आई मदतीला धावली, "आमच्याकडं कायपन बंद नाय! परवाच नवा टीवी घेतलाय!"

दुसऱ्या दिवशी म्हात्रेनं शेणॉयला फोन लावला. "लेटरहेडवर लिहून द्या, सॉफ्टवेअर चालू राहनार. सासऱ्याला दाखवायचंय." मग शेणॉय म्हणाला, "म्हात्रे, एवढी गॅरंटी मी माझ्या सासऱ्यालापण दिली नव्हती!"

लग्न जमलं शेवटी. घणसोलीचं घर बघून.

*

मग वाशीतच त्या दुसऱ्या सॉफ्टवेअरचा क्लास निघाला. मी गुपचूप नाव घातलं. घरी सांगितलं ओव्हरटाइम आहे, ऑफिसात सांगितलं दाढ दुखतेय. पहिल्या दिवशी वर्गात शिरतो तर पहिल्या बाकावर मुकादम मॅडम! त्यांची नणंद आजारी होती म्हणे. मागे म्हात्रे, तोंड खिडकीकडे. मी मान खाली घालून शेवटच्या बाकाकडे गेलो. तिथे एकानं पेपर उघडून धरला होता. पेपरमागून आवाज आला, "बसा सावंत. दाढ कशी आहे?"

करंदीकर साहेब!

कुणी कुणाकडे बघत नव्हतं. सर आले, फळा पुसला. तेवढ्यात दार उघडलं आणि कुणीतरी विचारलं, "मे आय कम इन, सर?"

शेणॉय! आम्हाला बघून तो दारातच थिजला. साहेबांनी सरकून त्याला जागा दिली.

सरांनी विचारलं, "याआधी कुठलं डिझाइन सॉफ्टवेअर वापरलंय?"

मॅडम म्हणाल्या, बोर्डवर काम करायचे. म्हात्रे म्हणाला, बोर्डवर. मीही बोर्डवर. साहेब तर काय, आयुष्यभर बोर्डवरच!

सर शेणॉयकडे वळले. "आणि तुम्ही?"

"फ्रेशर, सर."

*

आणि मग खुद्द कंपनीचा माणूस परदेशातून आला. 'वापरणाऱ्यांशी भविष्याबद्दल गप्पा' म्हणून वाशीच्या एका हॉटेलात बोलावणं होतं. बातमी तोंडोतोंडी पसरली. तळोज्याहून लोक आले, रसायनीहून आले, पुण्याहून गाडी करून आले. हॉटेलवाल्यानं छोटी खोली ठेवली होती, ती पुरेना, म्हणून लग्नाचा हॉल उघडला. तोही भरला, लोक भिंतीला टेकून उभे.

पाहुणा उंच, सभ्य, मऊ आवाजाचा. गर्दी बघून तो दारातच थांबला होता.

लोकांनी मन मोकळं केलं. एक म्हणाला, आमचं अख्खं ऑफिस यावर चालतं. दुसरा म्हणाला, वर्षानुवर्षं निष्ठेनं वापरतोय, तुम्ही वाऱ्यावर सोडणार? करंदीकर साहेब उठले. घरून पाठ करून आणलेल्या इंग्रजीत म्हणाले, "आम्ही तुमची मुलं आहोत. आम्हाला अनाथ करू नका!" टाळ्यांचा कडकडाट झाला. म्हात्रेनं तर शिट्टी मारली.

पाहुणा खरंच हेलावला. माइक जवळ घेऊन म्हणाला, "एक विचारू? ज्यांनी आमच्याकडून सॉफ्टवेअर विकत घेतलंय, त्यांनी जरा हात वर कराल?"

पंखे फिरत होते.

पुढच्या रांगेत एक हात वर झाला. मग कोपऱ्यात एक. करंदीकर साहेबांनीही केला. घेतली होती ना एक कॉपी! बाकीच्या मशीनवर तीच उतरवून घेतलेली. त्यावर बसणारे आम्ही सगळे त्यांच्याच शेजारी, बुटांकडे बघत.

पाहुण्यानं ते हात पाहिले. मग भिंतीपर्यंत भरलेला हॉल पाहिला. पुन्हा हात पाहिले.

"मला फार आनंद झाला," तो हळूच म्हणाला. "फक्त थोडा गोंधळ झालाय. निघताना हेड ऑफिसनं सांगितलं होतं, भारतातल्या सगळ्या ग्राहकांना जेवायला घेऊन जा. एक टॅक्सी पुरेल म्हणाले."